लेकरू लहान आहे, लिहायचं कधी? जालना जिल्ह्यातल्या लिहित्या आयांसाठी

"मूल अंगावर पितंय; आता लिहू, की ते शाळेत जाईपर्यंत थांबू?" "गावात पुस्तकाचं दुकान नाही, वाचायला आणू कुठून?" "प्रकाशक पैसे मागतात, द्यावेत का?" "टोपणनावानं छापलं तर पुस्तकावर हक्क कोणाचा राहतो?" भोकरदन-जाफराबादपासून परतूर-मंठ्यापर्यंत लिहू पाहणाऱ्या बायकांचे प्रश्न फिरून फिरून हेच असतात. उत्तरं मात्र "जिद्द असली की सगळं जमतं" एवढ्यावर संपतात. जिद्दीनं झोळीतलं लेकरू झोपत नाही आणि करारातलं कलमही कळत नाही. म्हणून या लेखात करण्याजोग्या गोष्टीच तेवढ्या दिल्या आहेत.

थांबायचं की सुरू करायचं?

सुरू करा, फक्त कामाचा आकार लहान ठेवा.

फलटणच्या बेबीताई कांबळे (१९२९–२०१२) एक छोटं दुकान चालवायच्या. माल बांधायला आणलेल्या रद्दीची पानं त्या पुडी बांधण्याआधी वाचून काढत. गिऱ्हाईक नसलं की लिहीत. लिहिलेले कागद नवऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून घरातल्या अडगळीत दडवून ठेवत. पदरी मोठा लेकुरवाळा संसार असताना हे वीसेक वर्षं चाललं. पुढे फलटणला राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांना या लिखाणाचा सुगावा लागला. १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं.

यातून घेण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. लिखाण तुकड्यातुकड्यानं झालं. वाचायला जे हाताशी होतं तेच वाचलं गेलं. आणि घराबाहेरचा एक वाचक मिळाला तेव्हाच कागद अडगळीतून बाहेर आले. ठरलेली वेळ, वहीची जागा आणि बाहेरचा एक वाचक, एवढ्या तीन गोष्टींची सोय आधी लावा. शैली, विषय, पुस्तक हे सगळं त्यानंतर.

उशीर झाला असं वाटत असेल, तर लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहा. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागानं प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. उर्मिला पवारांनी सरकारी नोकरी, घर आणि मुलं सांभाळत एम.ए. केलं, 'आयदान' आलं ते २००३ मध्ये. लेखिका व्हायला पुणे-मुंबई गाठावी लागते, हाही गैरसमज आहे. कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या रेखा बैजल आणि कवयित्री संजीवनी तडेगावकर ही नावं जालन्याचीच आहेत.

मुलाच्या वयाप्रमाणे काम निवडा

* पहिले सहा महिने: या काळात लिखाणाचं उद्दिष्ट ठरवू नका. रोज दोन-चार ओळींचं टिपण पुरे: बाळ कशानं दचकलं, आजेसासूबाईंनी कोणती ओवी म्हटली, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरची बाई काय बोलली. पाजताना एक हात मोकळा असतो. त्या वेळी मोबाईलवर ऐकता येईल ते ऐका.
* सहा महिने ते तीन वर्षं: सलग वेळ मिळत नाही. एका बैठकीत संपणारे प्रकार हाताळा: कविता, अनुभवाचं एक पान, वर्तमानपत्राला पत्र, लहान मुलांची गोष्ट. कादंबरीचा आराखडा मनात असेल तर त्याची वेगळी वही करा, पण ती पुरी करण्याचा धोशा नको.
* तीन ते सहा वर्षं: मूल अंगणवाडीत जाऊ लागतं. ते तास धुण्याभांड्यांत जाणारच, पण आठवड्यातले दोन दिवस त्यातला एक तास वहीसाठी राखा. कथा आणि ललित लेख या टप्प्यावर जमतात.
* शाळेची वर्षं: मूल अभ्यासाला बसलं की तुम्हीही त्याच सतरंजीवर वही घेऊन बसा. दीर्घ काम आता काढायला हरकत नाही. परीक्षेचा महिना मात्र हिशेबातून वगळा.

बाळंतपणानंतर दोन आठवडे उलटूनही सारखं रडू येत असेल, झोप उडाली असेल, बाळाकडे पाहावंसं वाटत नसेल, तर त्याला "लिहायला मिळत नाही म्हणून आलेली उदासी" समजून अंगावर काढू नका. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. आशाताईंना सांगा, सरकारी दवाखान्यात दाखवा किंवा १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर बोला. वही थांबली तरी चालेल, उपचार थांबता कामा नयेत.

वर्ष हंगाम पाहून आखा

लेखनाविषयीचे बहुतेक सल्ले शहरी घड्याळावर बेतलेले असतात. जालना जिल्ह्यात घड्याळापेक्षा हंगाम बलवत्तर. शेतात राबणाऱ्या किंवा मजुरीला जाणाऱ्या बाईनं वर्षाचे असे भाग पाडून पाहावेत:

1. जून ते ऑगस्ट: पेरणी, खुरपणी. नवं लिखाण काढू नका; फक्त टिपणं करा.
2. सप्टेंबर ते जानेवारी: सोयाबीनची काढणी, मग कापसाची वेचणी. दिवस वावरात जातो आणि रात्री डोळा लागतो. हा काळ ऐकण्याचा. वेचणीच्या ओळीत बायका जे बोलतात ते घरी येऊन दोन वाक्यांत उतरवा.
3. फेब्रुवारी ते मे: लग्नसराई आणि पाण्याची ओढाताण असली तरी शेतीचा ताण कमी. वर्षाचं खरं लिखाण इथे करा.
4. मेअखेर: पक्की प्रत काढून पाठवून द्या.

मेअखेर का? दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच होते. ऑगस्टनंतर आलेला मजकूर चांगला असला तरी बहुधा जागेअभावी राहतो. म्हणजे अंकाचं काम आणि खुरपणी एकाच वेळी येतात. मृगाआधी लिखाण हातावेगळं केलं तर ओढाताण टळते.

रेशीमशेती असेल तर कीटकांच्या शेवटच्या अवस्थेत पाला टाकण्यातून डोकं वर निघत नाही. ते दिवस आधीच खोडून टाका. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातल्या बाईला वही जपणं अवघड जातं. तिच्यासाठी मोबाईलमधलं ध्वनिमुद्रण हीच वही.

घरात काय ठरवून घ्यायचं?

"मला लिहायला वेळ द्या" ही मागणी मोघम आहे. तिला "हो" म्हणणं सोपं आणि विसरणं त्याहून सोपं. नेमकं मागा:

* मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री जेवणानंतर पाऊण तास लेकराला नवरा किंवा आजी सांभाळतील.
* त्या वेळी चहा, पाहुणा, शोधाशोध यांपैकी कशासाठीही हाक मारायची नाही.
* वही अमुक फडताळात राहील. ती कोणी उघडायची नाही आणि मुलांना चित्रं काढायला द्यायची नाही.
* महिन्यातून एक दिवस वाचनालय किंवा साहित्याच्या बैठकीसाठी. त्या दिवशीचा स्वयंपाक दुसरं कोणी करेल.

मोबदल्यात पहाटे दोन तास लवकर उठून सगळं काम उरकण्याचं कबूल करू नका. लेकुरवाळ्या बाईची झोप आधीच तुटलेली असते. त्यातून काढलेली वेळ महिनाभरही टिकत नाही. सासूबाईंचा विरोध असेल तर त्यांचं बोलणं, त्यांच्या आठवणी, जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायला बसा. पुष्कळ घरांत वहीला जागा अशीच मिळते आणि साहित्यही हाती लागतं. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या रचणाऱ्या बहुतेक बायका आयाच होत्या.

वह्या जाळणं, फाडणं, लिहिते म्हणून मारहाण करणं किंवा कोंडून ठेवणं हा घरगुती कुरबुरीचा भाग नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा मारहाणीबरोबर मानसिक छळालाही लागू होतो. मदतीसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

वाचायला पुस्तकं कुठून आणायची?

* सार्वजनिक वाचनालय: महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार शासनमान्य वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि त्यांना सरकारी अनुदान मिळतं. आपल्या गावात किंवा शेजारी मान्यताप्राप्त वाचनालय कोणतं, हे जालन्याच्या जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात कळेल. वाचनालय सारखं बंद राहत असेल तर लेखी तक्रारही तिथेच करता येते.
* ग्रंथोत्सव: राज्य सरकारतर्फे जिल्ह्याजिल्ह्यांत भरतो. पुस्तकं सवलतीत मिळतात आणि लिहिणारी माणसं भेटतात.
* मोबाईलवर, फुकट: राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकं आणि मराठी विश्वकोश संकेतस्थळांवर मोफत आहेत. विकिस्रोतावर जुने, स्वामित्वहक्क संपलेले ग्रंथ सापडतात.
* शाळेचं कपाट: जिल्हा परिषद शाळेत पुस्तकांचा संच असतो. मुलाच्या नावावर घरी आणा. दोघांचं वाचन होतं.

किती वाचायचं? रोज पाच-सात पानं पुष्कळ झाली. वर्षभर एकच वाङ्मयप्रकार धरा. कथा लिहायची असेल तर कथाच वाचा आणि आवडलेल्या कथेची सुरुवात व शेवट कसा केला, हे दोन ओळींत टिपून ठेवा. मुलाला गोष्ट वाचून दाखवता तेव्हा तुमचंही वाचन होत असतं. १९७१ पासून निघणारं बालभारतीचं 'किशोर' मासिक त्यासाठी उत्तम आणि पुढे लिखाण पाठवायलाही.

वही, मोबाईल आणि जतन

मोठी देखणी डायरी नको. पदराला खोचता येईल अशी लहान वही आणि पेन्सिल बरी. ओल्या हातानं शाई फुटते. पानाच्या वर तारीख टाका. एका पानावर एकच गोष्ट लिहा, म्हणजे पुढे पानं वेगळी करून जुळवता येतात.

हात गुंतलेले असतील तर मोबाईलच्या कळफलकावरचं माईकचं चिन्ह दाबून मराठीत बोला. बोललेलं टंकलिखित होतं. 'वावर', 'लेकरू', 'सांजच्याला' अशा शब्दांवर ते अडखळतं, म्हणून त्याच दिवशी तपासा. तुमची बोली गाळून टाकू नका. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि आप्तांनी उतरवून घेतली होती. १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापून आली, ती खानदेशी बोलीतच.

मजकूर युनिकोडमध्ये ठेवा आणि आठवड्यातून एकदा स्वतःलाच ई-मेल करा. मोबाईल हरवला तरी लिखाण राहतं आणि तारखेची नोंदही होते.

बाहेरचा वाचक कुठे भेटेल?

घरची माणसं एक तर कौतुक करतात किंवा हसतात. दोन्हींचा उपयोग बेताचाच. १९४३ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा साहित्य परिषदेच्या जिल्ह्यातल्या शाखेची चौकशी करा. परिषदेतर्फे लेखिकांचं वेगळं संमेलनही भरतं. ४२वं मराठवाडा साहित्य संमेलन डिसेंबर २०२२ मध्ये घनसावंगीत झालं, म्हणजे संमेलनं तालुक्यापर्यंत येतात. शाळेतल्या मराठीच्या बाई, वाचनालयाचे ग्रंथपाल, महाविद्यालयातले प्राध्यापक यांपैकी एकाला चार पानं दाखवा आणि "कसं वाटलं?" ऐवजी "कुठे कंटाळा आला?" असं विचारा.

मग पाठवायला सुरुवात करा. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, 'मिळून साऱ्याजणी'सारखी मासिकं, 'साधना' साप्ताहिक, आकाशवाणीचे महिलांसाठीचे कार्यक्रम ही खुली दारं आहेत. एक मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी द्या. सोबत नाव, पत्ता आणि "हा मजकूर अप्रकाशित आहे" अशी ओळ असू द्या. दोन-तीन महिने उत्तर आलं नाही तर विचारणा करून दुसरीकडे पाठवा. साभार परत आलं म्हणून वही मिटू नका. अनेकदा कारण फक्त जागेचं असतं.

पैसे भरून पुस्तक काढण्याआधी

पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. कविता, कथा, कादंबरी, नाटक, ललित गद्य, बालवाङ्मय अशा प्रकारांतलं अप्रकाशित हस्तलिखित तिथे पाठवता येतं. जाहिरात साधारण जानेवारीत निघते. पहिल्या पुस्तकांसाठी राज्य वाङ्मय पुरस्कारांत वेगळे विभागही आहेत. कवितेचा पुरस्कार बहिणाबाई चौधरींच्या नावे, तर ललित गद्याचा शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या नावे आहे.

तरीही स्वखर्चानं काढायचं ठरवलं, तर दागिने मोडण्याआधी हे लेखी घ्या:

* किती प्रती छापणार, त्यातल्या तुम्हाला किती आणि उरलेल्या कोणाच्या?
* कागद, बांधणी, मुखपृष्ठ यांचा दर आणि विक्रीची किंमत.
* मुद्रितं तपासायला मिळणार का आणि किती वेळा?
* आयएसबीएन क्रमांकाचे पैसे मागतात का? हा क्रमांक केंद्र सरकारकडून विनाशुल्क मिळतो.
* विकलेल्या प्रतींवर मानधन किती आणि हिशेब कधी?

प्रवेश शुल्क घेऊन घरपोच सन्मानपत्र देणारे 'राष्ट्रीय पुरस्कार' आणि पन्नास कवींकडून वर्गणी घेऊन काढलेले प्रातिनिधिक संग्रह यांपासून दूर राहा. त्यातून ना वाचक मिळतो, ना मानधन.

तुमचे हक्क

* स्वामित्वहक्क लिहिताक्षणी तुमचा. १९५७ च्या कायद्यानुसार त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तो लेखिकेच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं टिकतो. मासिकानं एक कविता छापली म्हणून ती मासिकाची होत नाही.
* हक्क तोंडी देता येत नाही. तो सोपवायला सहीचा लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. "सर्व हक्क कायमचे" हे शब्द दिसले तर थांबा आणि वकिलाला दाखवा.
* नाव तुमचंच राहतं. हक्क विकला तरी लेखिका म्हणून नाव सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधेल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार संपत नाही.
* टोपणनाव चालतं. मालती बेडेकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावानं आलं. मुखपृष्ठावर हवं ते नाव घ्या. करारावर मात्र कायदेशीर नाव आणि सही हवी.
* मानधन तुमच्या मालकीचं. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ नुसार स्वतःच्या कौशल्यानं मिळवलेल्या मालमत्तेची स्त्री पूर्ण मालक असते. हा कायदा बौद्ध, जैन, शीख स्त्रियांनाही लागू आहे. मुस्लीम स्त्रीची कमाईही व्यक्तिगत कायद्यानुसार तिचीच. मानधन स्वतःच्या बँक खात्यावर घ्या.
* नोकरदार असाल तर: कायद्यानं पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांपर्यंत प्रसूती रजा आहे. राज्य सरकारी सेवेत पुढे बालसंगोपन रजाही मिळते; पण ती मुलासाठी आहे, कादंबरीसाठी मागू नका. निव्वळ साहित्यिक लेखनाला सेवानियमांत मोकळीक आहे, सरकारी धोरणावरच्या टीकेला नाही. शंका असेल तर कार्यालयात लेखी विचारा.

घरातलं खरं लिहिताना

नणंद, जाऊ, शेजारीण ओळखू येईल असं लिहिण्याआधी गाव, व्यवसाय आणि नातं बदला. फक्त नाव बदलून भागत नाही. खेड्यात माणूस सवयीवरून ओळखला जातो. मुलांचे आजार, त्यांची फजिती, त्यांचे फोटो जपून वापरा, कारण आज कडेवर असलेलं लेकरू उद्या तेच शाळेत मित्रांकडून ऐकेल. जिवंत माणसावर गुन्ह्याचा किंवा चारित्र्याचा आरोप करत असाल तर पुरावा हवा, नाहीतर बदनामीचा दावा होऊ शकतो. स्वतःवर झालेल्या अन्यायाबद्दल लिहायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

या आठवड्यात तीनच कामं करा: वहीची जागा ठरवा, दोन दिवसांची वेळ घरात बोलून पक्की करा आणि चार पानं कोणाला दाखवायची त्याचं नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि चाळीस-पन्नास पूर्ण झालेल्या कविता किंवा दहा-बारा कथा हाताशी असतील, तर येत्या जानेवारीत मंडळाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवून अर्ज जरूर करा.